थोरल्यांचं चाक पुढं

टायर या विषयावर माझ्या सासरी जितकं बोललं गेलं, त्याच्या चौथाई जरी लेकरांच्या शिक्षणावर बोललं गेलं असतं, तर घरात दोन-चार तहसीलदार निपजले असते. जेवताना टायर, ओसरीवर टायर, पाहुणा आला तरी त्याला आधी पाणी आणि मग टायर. मी हे रागानं लिहिते आहे आणि हा राग माझ्याजवळ पुष्कळ वर्षांपासून आहे. म्हातारपणी माणसाचा राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही.

गोष्ट आहे महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं तेव्हाची. आमचं गाव बीबीपासून दोन कोस आत, काळ्या मातीच्या पोटात. बीबीला सडक लागायची. तिथून मेहकर, चिखली आणि मग बुलढाणा. पण गाव ते बीबी हे दोन कोस रस्ता म्हणवून घ्यायच्या लायकीचे नव्हते. आणि अशा गावात माझ्या सासऱ्यांनी मोटार घेतली होती. खामगावच्या एका व्यापाऱ्यानं वापरून टाकलेली, काळी, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पाट असलेली. आसपासच्या गावांत दुसरी मोटार नव्हती. लोक आम्हाला ‘मोटारवाले’ म्हणायचे.

सासरे वारले आणि वर्षभरात वाटण्या झाल्या. भाऊ तीन. थोरले, मधले आणि सगळ्यांत धाकटे माझे यजमान. शेत वाटलं, बैल वाटले, पितळी हंडे वाटले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या. सासूबाईंचा वाटा निराळा निघाला आणि त्यांच्या जेवणाच्याही पाळ्या ठरल्या, एकेक महिना एकेका लेकाकडे. मोटारीपाशी येऊन पंच अडले. विकायची कोणाचीच तयारी नव्हती, कारण मोटार गेली की ‘मोटारवाले’ही जाणार. मग पंचांतला एक म्हातारा, जो जन्मात मोटारीत बसला नव्हता, तो म्हणाला,

“इचार कायले करता? गाडीले चाकं चार. तीन भाऊ अन् येक माय. येकायेकाचं येक चाक. पाळी इहिरीसारखी, आठ-आठ दिस.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दाराआड उभी होते. मला वाटलं थट्टा चालली आहे. पण नाही, ते कागदावर लिहिलं गेलं. ज्याचं चाक त्याचा टायर, ज्याचं चाक त्याची ट्यूब, ज्याचं चाक त्याचं पंक्चर. स्टेपनी कोणाच्याच वाट्याला आली नाही, म्हणून ती कोणाचीच नव्हती. जी जुनी होती ती पुढच्याच वर्षी सासूबाईंच्या चाकाला लागली आणि गाडीच्या मागची ती जागा कायमची रिकामी झाली. मधले तिथं भुईमुगाचं पोतं ठेवायला लागले.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण चाकांना जागाही नेमून दिल्या, त्याही मानाप्रमाणे. आईचं चाक पुढं उजवीकडे. थोरल्यांचं पुढं डावीकडे. मधल्यांचं मागं उजवीकडे, आणि आमचं, म्हणजे धाकट्याचं, मागं डावीकडे. पंगतीला पाट मांडावेत तशी चाकं मांडली. थोरल्याचं चाक धाकट्याच्या मागं कसं चालायचं?

आता इथं माझं माहेर सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. माझे वडील खामगावला एका जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, मालमोटार चालवत. कापसाच्या गाठी न्यायच्या आणि येताना मिळेल ते आणायचं. आमच्या अंगणात दोन टायर कायम पडलेले असत आणि मी त्यांवर बसून अभ्यास केला. वडील म्हणत, टायर म्हणजे चप्पल. वावरात जाताना एक, लग्नाला जाताना दुसरी. पावसाळ्याच्या तोंडाशी ते सगळ्यांत दांडग्या नक्षीचे टायर मागच्या चाकांना लावत, कारण इंजिन मागची चाकं फिरवतं. पुढची नुसती वळतात. नक्षी खोल असून भागत नाही, दोन दातांमधली जागा मोकळी हवी, म्हणजे फिरताना चिखल झटकला जातो. नाहीतर काळी माती त्यात घट्ट बसते आणि टायर पुन्हा गुळगुळीतचा गुळगुळीत. उन्हाळ्यात डांबरी सडकेवर लांब सरळ रेघांचा टायर बरा. तो कमी तापतो आणि आवाज करत नाही. हवा पाहायची ती पहाटे, टायर थंड असताना. दुपारी तापून फुगलेली हवा काढायची नाही, कारण काढली तर टायर बसतो आणि बसका टायर जास्त तापून फुटतो. रबर चढवलेला टायर थंडीत चालवून घ्यावा, वैशाखात त्याच्यावर भरवसा ठेवू नये. हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ होतं. मॅट्रिक मी नंतर झाले, टायर आधी शिकले.

आणि देवानं मला दिलं ते या घरात.

थोरले शेतीतले माणूस. त्यांच्या मते वर्षाचे खरे महिने चारच, पावसाळ्याचे. म्हणून त्यांनी चिखलाचा टायर आणला, जाड, मोठ्या मोकळ्या दातांचा. टायर खरोखर नामी होता. माझ्या वडिलांनी पाहिला असता तर त्यावरून हात फिरवला असता. पण तो लागला पुढं डावीकडे, जिथं त्याला काडीचं काम नव्हतं. सडकेला लागलं की तो एकटा घूं घूं करायचा आणि गाडी डावीकडे ओढायचा. मधले बाजारहाट करणारे, दर आठवड्याला मेहकर नाही तर चिखली. त्यांनी लांब रेघांचा, सडकेचा टायर आणला, तो मागं उजवीकडे. आमच्या यजमानांनी जुन्या टायरवर नवं रबर चढवून आणलं आणि घरी येऊन मला म्हणाले, “नव्यासारखाच हाये, पाह्य.” मी पाहिलं. मग काही बोलले नाही, कारण बोलून आणलेलं रबर उतरणार नव्हतं.

सासूबाईंचा टायर घासून पार गोटा झाला होता. त्यांना तो फार आवडायचा. “चिखल लागत नाही त्याले,” त्या म्हणायच्या.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “जातं घासलं की त्याले टाकी कायले लावता मंग? गुळगुळीत जातं दळते काय?”

“जातं येगळं अन् चाक येगळं,” त्या म्हणाल्या आणि विषय संपला. सासूबाईंशी निदान बोलता तरी यायचं. नवऱ्याच्या थोरल्या भावांना आमच्याकडे भासरे म्हणतात आणि भासऱ्यांशी भावजय बोलत नाही. त्यांच्यासमोर पदर पुढं ओढून बाजूला व्हायचं. काही सांगायचं झालं तर तिसऱ्या माणसाकरवी, आणि तिसरं कोणी नसलं तर भिंतीकडे पाहून. मला दोन भासरे, म्हणजे मोटारीतल्या चारपैकी दोन चाकांशी मला बोलायची बंदी होती.

यजमानांना मात्र मी पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं. थोरल्यांचा टायर मागं लावा, तुमचा पुढं जाऊ द्या, गाडी कुठं फसणार नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. यजमान समजूतदार माणूस. तीच तर अडचण होती.

“बरोबर हाये तुहं,” ते म्हणाले. “पन दादाले सांगन कोन? तुमचं चाक मांगं घ्या म्हनाव?”

“तुम्ही सांगा.”

“मी धाकटा हावो.”

आणि शिवाय मागचा टायर लवकर झिजतो, हे तिघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे पुढचा मान सोडून मागची झीज घ्यायला कोण तयार होणार? तो पावसाळा आम्ही ढकलत काढला.

हिवाळा आला की पावसाळ्याचं भांडण मिटायचं आणि काट्यांचं सुरू व्हायचं. कुंपणासाठी लोक बाभळीच्या फांद्या ओढत न्यायचे, त्यांचे काटे गाडीवाटेवर सांडायचे. कपाशी उपटली तिथं ठीक, पण जिथं कापली तिथं पराटीचे खुंट सुरीसारखे उभे. पंक्चर झालं की आधी सगळे उतरून चाक कोणाचं ते पाहायचे. आमचं असलं तर दोन्ही भासरे बाभळीखाली जाऊन पान लावायचे आणि यजमान एकटे घाम गाळायचे. भासऱ्यांचं असलं तर यजमान एकटे घाम गाळायचेच, वर बोलणीही खायचे. सासूबाईंच्या चाकाचं पंक्चर झालं की मात्र तिघेही बसून राहायचे. त्या महिन्यात त्या ज्याच्याकडे जेवत असतील त्यानं ते काढायचं असा तोडगा निघाला. एकदा ते पंक्चर नेमकं अमावस्येला, महिना पालटायच्या दिवशी झालं. माझे यजमान आणि मधले भासरे दुपार टळेपर्यंत त्यावर वाद घालत बसले आणि गाडी तिरपी उभी राहिली. मी आत बसून होते, डोक्याला हात लावून.

उन्हाळ्यात मधले रोज दुपारी टायरची हवा सोडायचे. “फुगला हाये, फुटन,” असं म्हणत. संध्याकाळी तो टायर बसायचा, सकाळी ते पंप मारायचे, दुपारी पुन्हा सोडायचे. दोन उन्हाळ्यांत त्या टायरच्या बगलांना भेगा पडल्या. आमचं चढवलेलं रबर तर चिखलीच्या अलीकडे भर वैशाखात भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं सुटलं आणि गाडीच्या बुडाला थापा मारत आलं. यजमानांनी पुन्हा रबर चढवलं. मी भिंतीकडे पाहून बोलायला शिकले ते भासऱ्यांमुळे नाही, या टायरांमुळे.

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी आषाढात मला बुलढाण्याहून मुलाखतीचं पत्र आलं.

मी शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. तेव्हा खेड्यापाड्यांत नव्या शाळा निघत होत्या आणि मॅट्रिक झालेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या. अर्जाला यजमानांची संमती होती, सासूबाईंनाही चालणार होतं; घरात पगार येतो म्हटल्यावर कोणाला नको असतो. पण एक काटा होता. माझं वय. अर्ज करायला वयाची जी मर्यादा होती ती मी येत्या श्रावणात ओलांडत होते. म्हणजे ही मुलाखत झाली तर झाली, पुढच्या वर्षी मला कोणी दारातही उभं करणार नव्हतं. लग्नानंतर मी देवाजवळ एवढी एकच गोष्ट मागितली होती. दोन पातळं धुऊन, पितळी तांब्यात निखारे घालून तो त्यांवरून फिरवून ठेवली. पत्रातल्या तारखेला अकरा वाजता बुलढाण्यात हजर राहायचं होतं.

मी यजमानांना म्हटलं, आदल्या दिवशी बैलगाडीनं बीबीला जाऊ आणि यष्टीनं बुलढाणा गाठू. तिथं माझी मावशी आहे, रात्रीची सोय होईल. यजमान हो म्हणाले आणि ओसरीवर जाऊन आले. परत आले ते दुसराच माणूस होऊन.

“दादा म्हन्ते, घरची मोटार असून सून यष्टीनं जाईन तर लोक तोंडात शेन घालतीन. मोटारीनंच जाऊ. पाहाटं निंघालो का धा वाजता बुलढाण्यात.”

“पाणी पडून राह्यलं अन् तुमच्या मोटारीचे टायर पाह्यले काय?”

“दोन दिस झाले, उघडीप हाये.”

पाळी मधल्यांची होती, म्हणून ते येणार. थोरल्यांचं चाक जाणार, म्हणून ते येणार. आणि गाडी चालवायला माझे यजमान. एका बाईला मुलाखतीला न्यायला तीन पुरुष निघाले, आणि त्यातला एकही माझ्यासाठी निघाला नव्हता.

फटफटताना निघालो. वरून माती सुकलेली, खपली धरलेली. पण काळ्या मातीची खपली म्हणजे सायीसारखी, खाली सगळं पातळच. बीबी अर्धा कोस राहिली असेल तिथं एक वघळ आहे, पावसाचं पाणी वाहून पडलेला खळगा. गाडी तिच्यात उतरली आणि चढताना बसली. मागची दोन्ही चाकं जागच्या जागी फिरू लागली. मधल्यांच्या सडकेच्या टायरच्या रेघा मातीनं भरून गेल्या होत्या, आमच्या चढवलेल्या रबराची नक्षी तर दिसतही नव्हती. पुढं थोरल्यांचा टायर आपले सगळे दात रोवून राजासारखा उभा. त्याला कोणी ढकलत नव्हतं की ओढत नव्हतं.

मी यजमानांना हळू आवाजात म्हटलं, “आता तरी सांगा. त्याहीचा टायर मांगं घ्या.”

“थांब जराशी. निंघते.”

निघालं नाही. पळसाच्या फांद्या तोडून चाकाखाली घातल्या, त्या चाकानं मागं फेकल्या. दगड घातले, ते मातीत गेले. तुराट्यांचा भारा घातला, तो मोडून चिखल झाला. दर खेपेला गाडी बोटभर खाली जात होती. सहा वाजून गेले होते.

“मी पायी जाते,” मी म्हटलं. “अर्धा कोस हाये. साडेसातची यष्टी भेटन मले.”

यजमानांनी थोरल्यांकडे पाहिलं. थोरले माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मोटारवाल्याची सून चिखलात पायी जाईन? बसू दे तिले आत. आता निंघते गाडी.”

मी बसले. पायांशी पिशवी, पिशवीत प्रमाणपत्रं, आणि मी बसले. साडेसातला सडकेवरून मेहकरची यष्टी गेली. तिचा भोंगा आम्हाला स्पष्ट ऐकू आला. पुढची दुपारची होती.

आठच्या सुमारास एक ओळखीचे शेतकरी चाचा बैलजोडी घेऊन वावरात चालले होते. ते थांबले आणि आपणहून म्हणाले, “जोडी लावतो ना दादा, येका झटक्यात निंघन.” तेव्हा थोरले काय म्हणाले? म्हणाले, “बैलानं ओढाची मोटार? मंग बैलगाडीच काय वाईट व्हती.” चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि बैल हाकलले. बैलगाडीच काय वाईट होती, हेच तर मी आदल्या दिवशी म्हणत होते.

शेवटी यजमानांनी धीर केला. तोही कसा, तर पुटपुटत. “दादा, तुमचं चाक जरासक मांगं लावून पाह्यलं तर...”

“माहं चाक मांगं?” थोरले म्हणाले. “तुह्या चाकाच्या जागी? वाटनीत काय ठरलं व्हतं बे?”

“अन् उद्या मांगचं आमचं काढलं तर पंचाले काय सांगाचं?” मधले म्हणाले, जणू पंच वघळीच्या काठावर बसले होते.

यजमान पळसाकडे वळले. मग पुन्हा फांद्या. पुन्हा दगड. मधल्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, ते मला काचेतून दिसत होतं. नऊ झाले. साडेनऊ झाले. दहाला मी दार उघडून खाली उतरले.

चिखल घोट्याच्या वर आला. निखाऱ्यानं सरळ केलेल्या पातळाचा काठ त्यात गेला. मी पदर पुढं ओढला, तेवढी रीत पाळली, आणि थोरल्या भासऱ्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. लग्नापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. माझा आवाज त्यांनी ऐकला असेल तो भिंतीआडून.

“भासरेबुवा, तुमचं चाक मांगं लावा,” मी म्हटलं. “इंजिन मांगची चाकं फिरवते. पुढं तुमचा टायर फुकट उभा हाये. तो डाव्या अंगाले मांगं लावा, अन् उजव्या मांगच्या चाकाले दोर गुंडाळा, घट्ट. हवा जराशी कमी करा. मंग गाडी निंघते.”

मधले तोंड उघडून माझ्याकडे पाहत होते. यजमानांनी मान खाली घातली. थोरल्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता हे गरजतील, आणि मला खरोखर वाटत होतं की त्यांनी गरजावं, म्हणजे मलाही गरजता आलं असतं. पण त्यांनी गाडीतलं आसन उचललं आणि खालचा जॅक काढला. जॅक मातीत जात होता, म्हणून खाली गाडीतली फळी घातली. चाकं बदलली. गाडी ओढायला म्हणून ठेवलेला दोर उजव्या चाकाला फेरे मारून बांधला. यजमानांनी गाडी चालू केली आणि ती पहिल्या झटक्यात वर आली. अगदी पहिल्या. वर येऊन उभी राहिली, जणू काही झालंच नव्हतं. ज्या कामाला अर्धा तास पुरला, त्यासाठी आम्ही चार तास चिखलात काढले होते.

सडकेला लागल्यावर दोर सोडला. सारखे नसलेले टायर मागं झाल्यामुळे गाडी जोरात नेता येईना, वळणावर वळवळायची. अकरा वाजले तेव्हा आम्ही मेहकरच्याही अलीकडे, कुठल्यातरी पळसबनाजवळ होतो. मग मेहकर मागं पडलं, हिवरा मागं पडलं. चिखलीला यजमानांनी चहाला विचारलं. मी नाही म्हटलं. बुलढाण्याला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

कचेरीच्या व्हरांड्यात बाकं रिकामी होती. आत एक कारकून कागद बांधत होते. त्यांनी माझ्या पातळाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

“बाई, तुमचं नाव तीनदा पुकारलं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “साहेब दौऱ्यावर गेले. यादी वर गेली. पुढच्या वर्षी या.”

“पुढच्या वर्षी वय बसत नाही,” मी म्हटलं.

त्यांनी बांधलेले कागद पुन्हा सोडले, माझा अर्ज शोधला, तारीख पाहिली. मग म्हणाले, “हो. नाही बसत.” आणि शिपायाला मला पाणी द्यायला सांगितलं.

आम्ही परत निघालो. त्या माणसांना टायरांवर न बोलता इतका वेळ बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. वघळीशी आलो, आणि गाडी सरळ उतरली, सरळ चढली. थोरल्यांचं चाक मागंच होतं.

घरी आलो तेव्हा दिवस बुडाला होता. मी पाय धुतले आणि चुलीपाशी बसले. थोड्या वेळानं थोरले भासरे स्वयंपाकघराच्या दाराशी आले. तिथं ते कधी येत नसत. मी उठून पदर ओढला. त्यांनी यजमानांना हाक मारली नाही, सासूबाईंनाही नाही. सरळ मलाच विचारलं.

“तुले हे कधीपासून मालूम व्हतं?”

“चाकं वाटली तवापासून.”

“चार वर्सं?”

“हाव.”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

ओसरीवर यजमान उभे होते. मी त्यांचं नाव घेऊ शकले असते. घेतलं नाही, कारण ते त्यांनीच सांगायचं होतं, आणि मी वाट पाहिली. ते खांबाला हात लावून उभे राहिले आणि बोलले नाहीत.

“तुमच्याशी बोलाची रीत नाही ना,” मी म्हटलं.

थोरले गेले. वाईट माणूस नव्हते ते. त्या रात्री जेवले नाहीत असं जाऊबाईंनी मला नंतर सांगितलं. पुढं कितीतरी वर्षं ते मला सगळ्यांदेखत विचारत, पावसाळा आला, कोणतं चाक कुठं लावू? आणि मी सगळ्यांदेखत सांगत असे. गावाला त्याचं मोठं कौतुक वाटायचं. मला त्या कौतुकाची चीड यायची, अजून येते. मास्तरीण मी झालेच नाही. इतकी वर्षं मी त्या तिघांवर चिडले, पंचांवर चिडले, त्या गोटा टायरवरही चिडले, आणि ते सगळं खरंच आहे. पण रात्री आडवी झाले की दरवेळी त्या वघळीतच जाऊन पोचते. रीत तर मी मोडलीच. ती सकाळी सहाला मोडली असती तर मी अकराला बुलढाण्यात असते. मी दहाला मोडली.